चेनच्या मागचे जांभळे ठिपके

मागच्या वर्षापर्यंत मी हजेरी दिली तरी माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे. आता मी चौकात माईकवर बोलते आणि मागच्या गल्लीतले लोक खिडक्या उघडतात. ही करामत मामाची. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, बाजारातल्या व्यापारी संघाचा अध्यक्ष, आणि मला 'तोफ' हे नाव देणारा माणूस.

झालं असं की शेजारच्या देशाने आपल्याकडच्या कापडावर जबर कर बसवला. नाक्यावर ट्रक अडकले, इथल्या कारखान्यांतली माणसं घरी बसली. लोक भडकले. दुकानांच्या दारावर 'पलीकडचा माल मिळणार नाही' अशा पाट्या लागल्या आणि मामाने सभांचा सपाटा लावला. एका सभेला ठरलेले वक्ते आलेच नाहीत, तेव्हा त्याने माईक माझ्या हातात कोंबला आणि कानात म्हणाला, "घरी जेवढं डोकं खातेस, तेवढंच इथे खा." मी खाल्लं. टाळ्या पडल्या. टाळ्यांची सवय किती पटकन लागते ते मला विचारा.

अडचण एकच होती. पलीकडचा माल आमच्या घरातच होता.

आई दप्तरं शिवते. आमच्या शाळेची दप्तरं दरवर्षी तीच करायची आणि त्याच कामावर आमचं घर चालायचं. कापड इथलं, दोरा इथला, चेन मात्र पलीकडची, कारण इथल्या चेनचे दात थोड्याच दिवसांत हसायला लागतात. चेनची रिळं आली की ती उलगडून मागच्या बाजूने मापाच्या खुणा करायच्या, ही आईची पद्धत. लहान कप्प्याला एक ठिपका, मोठ्याला दोन. खडू पुसला जातो, शाई कापडावर उतरते, म्हणून त्यासाठी माझं जांभळं नेलपॉलिश. ते मी हट्टाने घेतलं होतं, शाळेत बाईंनी पहिल्याच दिवशी नखं खरवडायला लावली, आणि बाटली आईच्या मशीनच्या खणात जाऊन बसली. ठिपके लावायचं काम मात्र माझ्याकडे राहिलं. यंदाची सगळी रिळं मीच ठिपकली होती, अर्थात तोंडाचा पट्टा चालू ठेवून.

मामा एकदा घरी आला आणि खुर्चीवर न बसता रिळांकडेच बघत राहिला. चौकात पलीकडच्या मालाची होळी करायचं ठरलंय म्हणाला. तोफेच्या घरात असली चेन सापडली तर लोक तोंडात शेण घालतील. बदल्यात संघ देशी चेन देणार होता.

"केव्हा?" आईने विचारलं.

"ताई, मी आहे ना."

आई पुन्हा मशीनकडे वळली, म्हणून मी सुरू झाले. जेवताना, भांडी विसळताना, ती मशीनवर असताना, मी तिला देश, स्वाभिमान आणि माझं भाषण यांवरून भंडावून सोडलं. शेवटी तिने रिळं पिशव्यांत भरली. गाठी मात्र मलाच मारायला लावल्या.

होळी जोरात झाली. पिंपातून ज्वाळा वर गेल्या, मी माईकवर घसा फोडला. आई मागच्या रांगेत उभी होती आणि अर्ध्यातच निघून गेली, याचा मला रागच आला. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या बाबांचं खेळण्यांचं दुकान आहे. त्यांनी माझं भाषण ऐकून पलीकडची सगळी खेळणी दुकानामागे नेऊन जाळली, असं ती दुसऱ्या दिवशी मोठ्या तोऱ्यात सांगत होती. मी आणखी फुगले.

देशी चेन काही आली नाही. आईने दप्तराला नाड्या लावून पाहिल्या, बटणं लावून पाहिली. शाळेने नको म्हटलं. काम एका नव्या कारखान्याला गेलं, ज्याच्या उद्घाटनाची फीत मामाने कापली होती. आई उशांचे अभ्रे शिवू लागली.

शाळेत नवी दप्तरं वाटली तेव्हा पहिलं मला मिळालं. 'अस्सल देशी' असं वर छापलेलं. चेन लोण्यासारखी सरकली. आतून अस्तर लावायचा कंटाळा केला होता, त्यामुळे मोठा कप्पा उघडताच चेनची मागची बाजू दिसली. दोन जांभळे ठिपके. त्यातला एक फरफटलेला, वर अंगठ्याची रेघ. तो लावताना मी मामाची नक्कल करत होते आणि आई हसून हसून बेजार झाली होती.

घरी जाऊन मी दप्तर आईच्या मांडीवर ठेवलं. तिने ठिपक्यावरून नख फिरवलं. चेहऱ्यावर आश्चर्य म्हणून नव्हतं.

"त्या पिंपात पुठ्ठे जळले," ती म्हणाली. "चेन जळली असती तर त्या धुरात तुला तोंड उघडता आलं नसतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू इतकी खुशीत होतीस. आणि तो माझा भाऊ आहे."

दोन्ही कारणं खरी होती, आणि दोन्ही मला सारखीच झोंबली. म्हणजे मामाने फसवलं ते फसवलंच, आईनेही मला तसंच बोलू दिलं होतं.

पुढच्या सभेआधी मी मामाला स्टेजच्या मागे गाठलं. तो गडबडला नाही, हसला. एवढी चांगली चेन जाळून वाया घालवायची का, असं त्याने मलाच विचारलं. लोकांना भावना हवी असते, ती आपण दिली. ताईचं मी बघतो, म्हणाला. आणि लगेच वर जाऊन त्याने माझं नाव पुकारलं, "आमची तोफ!"

मी माईक घेतला. शाळेतून थेट सभेला आलेल्या पोरांना दप्तरं उघडून चेन उलटी करायला सांगितली. समोर सरसर आवाज उठला. ठिपके सापडले तशी पोरं ओरडू लागली.

"हे ठिपके मी लावलेत," मी म्हणाले.

पुढचं वाक्य तयार होतं. पण मामाचा हात आला, प्रेमाने, आणि माईक माझ्या हातातून सुटला. "ऐकलंत? देशी मालाची खूण! माझ्या भाचीने स्वतःच्या हाताने लावलेली." टाळ्या इतक्या पडल्या की मी जे ओरडत होते ते मलाही ऐकू आलं नाही. त्याचा दुसरा हात माझ्या खांद्यावर होता. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, काय लाडकी भाची आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात ठिपके मोजायची चढाओढ. बाकावरच्या मैत्रिणीच्या दप्तराला फक्त एकच सापडला, म्हणून ती रुसून बसली आणि मला बाटली आणायला सांगू लागली. मी तिला सगळं सांगितलं. हळू आवाजात, रिळांपासून.

तिने कंपासपेटीचं झाकण मिटलं.

"आमच्याकडचा धूर खरा होता," ती म्हणाली. "बाबांच्या अजून फळ्या रिकाम्या आहेत." मग म्हणाली, "हे तू येऊन सांग. माझं ते ऐकणार नाहीत."

शाळा सुटल्यावर आम्ही गेलो. तिथे ना माईक होता, ना स्टेज. तिचे बाबा रिकाम्या फळीवर फडकं मारत होते. मला बघताच त्यांचा चेहरा खुलला. "या, तोफ आली," म्हणत त्यांनी स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं.

मी बसले नाही. दप्तर त्यांच्या समोर ठेवलं आणि चेन उलटी केली.