पिकासो मास्तर

हैदराबादच्या आमच्या शाळेत हेडमास्तर दत्तात्रयरावांच्या तोंडात 'राव' भरपूर होते. बाळकृष्णराव, नामदेवराव, शाळेची घंटा बडवायचा तो शिपाईसुद्धा हिम्मतराव. फक्त माझ्यापाशी आलं की त्यांची जीभ अडायची. मी दौलत सूर्यभान खंदारे, ड्रॉइंग मास्तर. नुसतं 'दौलत' म्हणावं तर मी पडलो शिक्षक, चारचौघांत बरं दिसत नाही. 'दौलतराव' म्हणावं तर मी महाराच्या घरचा. मग दत्तात्रयराव मला "अहो, ते हे" म्हणायचे. पहिली काही वर्षं मी 'ते हे' होतो.

एकदा इन्स्पेक्टर आले, सुटाबुटातले, इंग्रजीत खाकरणारे. मी फळ्यावर रंगीत खडूंनी चारमिनार काढला होता. ते दारात थबकले आणि म्हणाले, "यू हॅव अ पिकासो हिअर!" दत्तात्रयरावांचा चेहरा असा उजळला, की काही विचारू नका. मला वाटलं, माझ्या चित्राचं त्यांना कौतुक वाटलं. कसलं कौतुक! माणसाची सुटका झाली होती. त्या दिवसापासून, "काय मियाँ पिकासो, खैरियत?" आणि "हिम्मतराव, पिकासोंना चहा द्या." बघा, सातासमुद्रापलीकडच्या आडनावाला मान कसा आपसूक मिळाला.

आणि मी? हुरळली मेंढी अन् लागली लांडग्याच्या मागे. सुलतान बाजारातल्या पुस्तकवाल्यानं मला एका मासिकात त्या पिकासोचं चित्र दाखवलं. बाई बसलेली, अन् तिचे दोन्ही डोळे एकाच गालावर. मी आपला नाकाच्या जागी नाक काढणारा माणूस, मला त्यातलं काही कळलं नाही. पण नाव मोठं होतं. घरी येऊन मी माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या इनॅमलनं लिहिलं, 'पिकासो मास्तर', आणि वाळल्यावर वरून आणखी एक हात दिला.

माझी बायको मालन भाकऱ्या थापत होती. तिनं विचारलं, "हा कोन म्हनायचा?"

"फार मोठा चित्रकार. परदेशातला."

"त्याचं नाव हेडमास्तरला घेता येतं?"

"येतं की."

"मग तुमचं का म्हून येत न्हाई?"

तुला इंग्रजीतलं काय कळतं, म्हणून मी तिच्यावर खेकसलो. ती पुन्हा भाकरी थापू लागली.

पुढे छप्पन साल आलं आणि निजामाच्या जुन्या राज्याचे तीन तुकडे करायचं ठरलं. मराठवाड्याचे आम्ही तिघं मास्तर, बाळकृष्णराव, नामदेवराव आणि मी, मुंबई राज्याच्या वाट्याला गेलो. मला परभणीची शाळा मिळाली. त्याच महिन्यात मी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो होतो. लाखोंच्या गर्दीत ताठ मानेनं उभा राहिलो होतो. ती मान काही परत खाली जाईना. मनानं एकच घेतलं, की हैदराबाद सोडण्याआधी या माणसाच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'दौलतराव' ऐकायचं.

आमच्या शाळेची एक रीत होती. शाळा सोडून जाणाऱ्या मास्तराचं नाव हॉलमधल्या सागवानी फळीवर सोनेरी अक्षरांत चढायचं. निरोपाच्या दिवशी हेडमास्तर तिच्यावरचा पडदा सारायचे आणि नवी नावं मोठ्यानं वाचून दाखवायचे. ती नावं रंगवायचं काम इतकी वर्षं माझ्याकडेच होतं. या खेपेला मी तिन्ही नावं सारख्या उंचीची काढली. तिसरं होतं 'श्री. दौलतराव सूर्यभान खंदारे'. त्यातला 'राव' जरा सावकाश रंगवला. म्हटलं, आता कुठं जाल, साहेब? लिहिलेलं तरी वाचावंच लागेल.

निरोपाला हॉल भरला होता. पडदा सरला. "श्रीयुत बाळकृष्णराव," टाळ्या. "श्रीयुत नामदेवराव," टाळ्या. दत्तात्रयराव तिसऱ्या ओळीपाशी आले. त्यांनी चष्मा काढला, उपरण्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी फळीकडे पाठ केली आणि मुलांकडे हात पसरून म्हणाले, "अँड अवर ओन पिकासो!"

सगळ्यांत जास्त टाळ्या मला पडल्या. मी उठलो, हात जोडले, आणि हसलोसुद्धा. त्या हसण्याची आग आजही माझ्या गालांवर आहे. गळ्यात हार घालताना ते माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "अक्षर एक नंबर उतरलंय, मियाँ." म्हणजे वाचलं होतं. नीट वाचलं होतं.

घरी मालन वळकटी बांधत होती. माझ्या हातातला हार बघून तिनं विचारलं, "घेतलं का नाव?"

"घेतलं."

"कुनाचं?"

मी हार खाली ठेवला. घासलेटमध्ये चिंधी बुडवली आणि ट्रंक घासायला बसलो. हात भरून आला, पत्रा गरम झाला, पण एक अक्षर हलेना. रंग मीच दिला होता, आणि माझं काम कधी कच्चं नसतं. मग मालननं घरातली जुनी वाकळ आणली, ट्रंकेवर टाकली आणि सुंभानं करकचून बांधली.

"ऱ्हाऊ द्या आता," ती म्हणाली. "परभनीला आधी नाव सांगा. चित्र मागून काढा."