रिकाम्या खुर्च्यांची सभा

टीव्हीवर आपलीच सभा पाहताना रुख्माच्या हातातला चहा तसाच राहिला. पडदाभर लाल खुर्च्या, सगळ्या रिकाम्या, आणि मागे कुठेतरी माइक धरलेली मुंगीएवढी रुख्मा. लगेच तिच्याविरुद्ध निवडणुकीला उभे असलेले राइस मिलवाले दुर्गाप्रसादशेठ. त्यांचा चेहरा खालून टिपलेला, मागे माणसंच माणसं.

"अवो, दवनीवाड्यात तं बायाच बाया होत्या!" सासूबाई, सुशिलाबाई, भडकल्या. "खुर्च्या कायले दाखवून राहिले मेले?"

वडीलधाऱ्या पुरुषांसमोर सुनांनी खुर्चीवर बसायचं नाही, ही गावाची रीत. बाया कडेला सतरंजीवर बसल्या होत्या, भाड्याच्या खुर्च्या मोकळ्या राहिल्या. कॅमेऱ्यानं तेवढ्याच दाखवल्या. म्हणजे खोटं म्हणायलाही सोय नाही! जिल्हा परिषदेचं मतदान तोंडावर आलेलं, आणि शेजारपाजारच्याही म्हणू लागल्या, "हिले कोणी विचारून नाही राहिलं. मत वाया कायले घालवा?" ते मात्र रुख्माला झोंबलं.

पुढच्या, मुर्री गावातल्या सभेला तिनं खुर्च्या मागवल्याच नाहीत. मंचही नाही. नुसत्या सतरंज्या अंथरल्या आणि स्वतःही बायांमध्ये मांडी घालून बसली. चॅनलचा कॅमेरावाला लीलाधर उभ्यानंच टिपू लागला.

"बस ना भाऊ खाली."

"काकी, मालक म्हणते वरूनच घे. वरून घेतलं का माणूस लहान दिसते."

बाया खो खो हसल्या. रुख्मा हसली नाही.

"तुले मी लहान दिसून राहिली का?"

लीलाधर घुटमळला. मग इस्त्रीच्या पँटीसकट बायांच्या ओळीत खाली बसला.

चॅनलचे मालक त्या दिवशी दुर्गाप्रसादशेठच्या रॅलीत होते. बातमी लीलाधरनंच जोडली आणि लावून दिली. त्या संध्याकाळी टीव्हीवर रुख्मा पहिल्यांदा लोकांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलली, मागे नुसते पदरच पदर. सुशिलाबाई पडद्यावर स्वतःला पाहून चक्क लाजल्या.

पुढच्या सभेला भलताच पोरगा कॅमेरा घेऊन आला.

"लीलाधर कुठी हाय?" रुख्मानं विचारलं.

"उसको निकाल दिया मालकने."

रुख्माला फार वाईट वाटलं. आपल्यापायी बिचाऱ्याची रोजी गेली. पण आता मागे हटलं तर त्याचं बसणंही फुकट जाणार होतं. तिनं माइक हातात घेतला.

पोरगा कॅमेरा खांद्यावर घेऊन उभा राहिला. सुशिलाबाई थोड्या सरकल्या, मग शेजारच्या सरकल्या. ओळीत एका माणसापुरती जागा झाली. सुशिलाबाईंनी सतरंजीवर थाप मारली.

"बस, बापू."