आडवी खुर्ची

कानातल्यांच्या एका जोडीपायी निलगुनने बापाचा हात सोडला. बाई चाळिशीची, शाळेत चार पोरांना शहाणपण शिकवणारी, पण चांदीचं कानातलं दिसलं की अक्कल गहाण! मागे वळून पाहते तर बाप, बेदरी उस्ताद, गायब.

तुर्कस्तानातल्या इझमीरहून दोघं गाझियान्तेपचा बाजार बघायला आले होते. उस्तादांनी उभा जन्म तांब्याची भांडी ठोकली. हल्ली प्यायलेला चहासुद्धा आठवेना. तांबटांच्या गल्लीतले हातोडे ऐकले तर म्हाताऱ्याला बरं वाटेल, एवढीच तिची हौस. जेवायला बसायचंच आहे म्हणून तिने स्वतःच्या हाताने त्यांना इन्सुलिन टोचलं, आणि खानावळीत निघाली ही रांग! तेवढ्यात ती कानातली. बाबांच्या पोटात अजून घास नव्हता. साखर उतरली तर माणूस बसल्या जागी जातो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"काका, माझे वडील पाहिलेत का? करडी टोपी, हातात काठी?"

"अगं पोरी, अर्ध्या गावाला करडी टोपी नि काठी आहे!" मिरचीवाला म्हातारा हसला. मग तिचा चेहरा बघून वरमला. "आज शुक्रवार ना, नमाजाला गेले असतील. मी तिकडेच निघालोय. बघतो हं, रडू नकोस."

त्याने दुकानाच्या दारात खुर्ची आडवी टाकली आणि तो चालू लागला.

बघता बघता गल्ली ओस पडली. हातोडे थांबले. दारं सताड उघडी, माल तसाच मांडलेला, आणि प्रत्येक दारात एक आडवी खुर्ची. मालक नमाजाला गेलाय. आता आत पाऊल नाही, नजरसुद्धा नाही. सहा वर्षांची असताना निलगुन शेजाऱ्याच्या खुर्चीखालून आत घुसली होती, तेव्हा बाबांनी तिच्या मुस्काटात मारली होती. तो धाक अजून अंगात. तिने तीनदा गल्ली पालथी घातली, बोळ पाहिले, पाणपोईमागे पाहिलं, पण एकाही दुकानात डोकावली नाही. मीच मारलं त्यांना, मीच, एवढंच डोक्यात घुमत होतं.

चौथ्या फेरीला आवाज आला. ठक, ठक, ठण्ण.

दोन हलके, एक जड. हा हात बाबांचा! पण दोन घावांमधलं अंतर वाढत होतं. मग तिसरा घाव आलाच नाही.

तिने खुर्ची ओलांडली.

परक्या ऐरणीपुढे बेदरी उस्ताद बसले होते. घामाने निथळत होते, ओठ पांढरे, हातोडा मांडीवर गळून पडलेला. शेजारी कुणाचा तरी अर्धा चहा आणि साखरेचे तीन खडे. तिने खडे त्यांच्या तोंडात कोंबले, उरलेला चहा पाजला.

"गिळा बाबा, गिळा हो!"

ती त्यांचा हात धरून बसली. हळूहळू घाम थांबला. ओठांवर रंग आला. आता हाक मारतील, आता म्हणतील निलगुन.

"खुर्ची दिसत नाही का बाई?" उस्ताद खेकसले. "दुकान बंद आहे. माझी पोर सहा वर्षांची, तिलाही कळतं. तुम्ही एवढी घोडी झालात!"

निलगुनने पुन्हा त्यांच्या ओठांकडे पाहिलं. साखर तर चढली होती.

"आणि ती कुठाय?" त्यांचा आवाज एकदम कापला. "इथंच दारात होती. एवढी गर्दी... कुणी नेली तर?"

ते उठू लागले. निलगुनने डोळे पुसले, खुर्ची ओलांडून बाहेर गेली आणि दाराआडून म्हणाली, "बाबा, मी इथंच आहे."

आत उस्ताद पुन्हा खाली बसले.

"ये, ये गं आत. आज नाही मारणार. घाबरलीस?"

"हो, बाबा," ती म्हणाली. "खूप घाबरले."