निवलेलं टोपण

गंगाखेडच्या एका कारखान्यासमोर टेम्पो उभा होता आणि सविता दार अडवून उभी होती. कारखाना म्हणजे दोन यंत्रं आणि वर पत्रे, पण बापलेकीच्या भांडणाला तेवढी जागा पुष्कळ. ठिबकच्या नळीच्या टोकाला बसणारी प्लास्टिकची टोपणं तिथे तयार होत. मागचा सगळा माल राणीसावरगावच्या परमेश्वर दुकानदाराने परत पाठवला होता. टोपणं नळीवर चढेनात, जोर लावला की तडकत. आता हाही माल परत आला, तर परमेश्वर पुन्हा या दाराशी येणार नव्हता.

"माप बरोबर हाय की!" सविताच्या वडिलांनी, बन्सीधरआबांनी, ताजं टोपण नळीच्या तुकड्यावर सहज चढवून दाखवलं. "गाडी भरू दे."

"आज बरोबर हाय, आबा. मागचा माल बी निघाला तवा बरोबरच व्हता." सविताने परत आलेल्या पोत्यातलं टोपण त्यांच्या हातात दिलं. ते नळीच्या तोंडाशीच अडलं.

रसायनशास्त्र शिकलेल्या लेकीचं व्याख्यान ऐकायची आबांना हौस नव्हती, पण ती थांबते कुठली! "प्लास्टिकचे रेणू म्हंजे लांब धागे. काही ठिकाणी ते घड्या घालून नीट बसतेत, ते स्फटिक. बाकीचे गुंत्यात वळवळत असतेत. तुमी घाईघाईनं साचा गार करता, घड्या अर्ध्याच व्हतेत. मंग पोत्यात पडल्यापडल्या त्या वाढत ऱ्हातेत, भवतालचे धागे वढून घेतेत. त्या धाग्यायला हालायला जागाच उरत न्हाई. टोपण आकसतं, ताठर व्हतं."

"मंग काय मी त्येला पाळण्यात घालू?"

"साचा कोमट ठेवा. घड्या तिथंच होऊ द्या. आकसायचं तितकं तिथंच आकसंल, अन् त्या अंदाजानं साचा मोठा करू."

"माल निम्मा निघंल!"

"निघू द्या."

टेम्पो रिकामा गेला. आबांनी जेवताना तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. सविताला रडू कोसळलं, पण सकाळी डोळे धुऊन ती पुन्हा यंत्रापाशी हजर. नव्या साच्यातली पहिली टोपणं ढिली होऊन नळीवरून निसटून पडली, तेव्हा आबा मिशीतल्या मिशीत हसले. तिने दात-ओठ खाऊन साचा पुन्हा घडवून घेतला. या खेपेची टोपणं चांगली निवू दिली आणि मग आबांच्या हातात नळी ठेवली. टोपण गच्च बसलं. आबांनी ते काढलं, पुन्हा बसवलं आणि पोतं शिवायला घेतलं.

तो माल काही परत आला नाही. उसाची लागवड तोंडावर आली, तेव्हा परमेश्वर स्वतःच गाडी घेऊन दारात आला. साच्यातून नुकत्याच निघालेल्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, "हेच द्या, लय घाई हाय."

आबांनी ढिगावर हात ठेवला. "हे न्हाई. निवलं न्हाई अजून, आत रेणू हालायलेत."

"कोन हालायलंय?"

"मला इचारू नका," आबा म्हणाले, "आमच्या सविताला इचारा. हितं तिचंच चालतंय."