उन्हाकडे पाठ करून

मित्रांनो, मी न्यूझीलंडमधल्या 'ते रापा' नावाच्या वस्तीजवळचं एक जुनं शेतघर. अंग लाकडाचं, थाट इंग्रजी.

मला बांधणारा शेतकरी इंग्लंडहून आला होता. वडिलांचं घर त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्याबरहुकूम त्याने मला उतरतं छप्पर, विटांचं धुराडं आणि दिवाणखान्याला भली मोठी खिडकी दिली. खिडकी दक्षिणेला, कारण त्याच्या गावी ऊन दक्षिणेकडून येई. न्यूझीलंडमध्ये ते उत्तरेकडून येतं, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. उत्तरेला त्याने भांडी घासायची मोरी काढली. झालं! पाहुणे कुडकुडत राहिले आणि भांडी ऊन खात बसली. तरी येणारेजाणारे खिडकीचं कौतुक करत आणि मी फुशारून जाई.

मालक बदलत गेले. मग पुण्याचे शशिकांत आणि प्रमोदिनी राहायला आले. पहिल्याच हिवाळ्यात भिंतींना बुरशी धरली. त्यांची लेक स्वानंदी खोकून बेजार झाली.

"हे पाडूनच टाकू," शशिकांत म्हणाला. "नवीन बांधू, डबल ग्लेझिंगवालं. स्प्रिंगमध्ये माणूस येतोय पाडायला."

माझ्या वाशांना कापरं भरलं.

प्रमोदिनीने जिवापाड जपलेली तुळस दिवाणखान्याच्या खिडकीत होती. पुण्याच्या बाल्कनीतही तिची तुळस दक्षिणेलाच असे. इंग्रजाची चूक पुणेकरणीने जशीच्या तशी केली, याचं मला त्या स्थितीतही हसू आलं. तुळशीने मान टाकली. माती बदलायला म्हणून प्रमोदिनीने कुंडी मोरीत नेली आणि कामाच्या गडबडीत ती तिथेच राहिली. काही दिवसांनी पाहते, तर फांदीफांदीला कोवळी पानं!

"शशी, लवकर ये इकडे!"

तो जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत आला. मागोमाग आलेली स्वानंदी ओट्यावर चढून बसली. "आई, इट्स हीप्स वॉर्मर इन हिअर! कित्ती ऊब आहे!"

शशिकांत उन्हात उभा राहून मोरीच्या छोट्या खिडकीबाहेर पाहत राहिला. "अगं, हे घर उलटं बांधलंय!"

"मग आपण सुलटं राहू," प्रमोदिनी म्हणाली.

स्प्रिंगमध्ये पाडणारा आला. त्याने माझी एकच भिंत पाडली, मोरीची. तिथे आता काचेचं दार आहे, जेवणाचं टेबल आहे आणि स्वानंदीचा अभ्यास चालतो. दिवाणखान्यात सायकली ठेवतात. माझ्या नामांकित खिडकीला त्याचं वाईट वाटतं, मलाही थोडं वाटतं.

मित्रांनो, जुनं घर गार लागलं, तर पाडण्याआधी एकदा सगळ्या खोल्यांतून फिरा. ऊन कुठे येतं ते बघा. इतकी वर्षं ते माझ्या पाठीवर पडत होतं, पण मला ते कुणाला सांगता आलं नाही.