मी कात्री, रिकामी वाजले नाही

मी कात्री बोलतेय. सोनगीरची. आणि आधी एकच सांगते, मी रिकामी वाजले नाही. त्या दिवशी नाही, त्याच्या आधी नाही, कधीच नाही. बारा वर्षं झाली हे सांगतेय. एका माणसाचा विश्वास बसेल तर शप्पथ!

तुमच्याकडेही म्हणत असतील, पात्यांमध्ये काही नसताना कात्री नुसती कचकच वाजवली की घरात भांडण होतं. आमच्या गावात अजून नव्या सुनेला दटावतात, "वाजाडू नको वं माय, हिलालना घरमा काय व्हयनं म्हाईत नही का?" हिलालच्या घरात काय झालं ते या सांगणाऱ्यांपैकी एकीनंही धड पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. तेव्हा आता जरा तुमचं तोंड मिटा आणि माझं ऐका.

माझा जन्म किल्ल्याच्या पायथ्याशी, वना लोहाराच्या भट्टीत. बैलगाडीच्या चाकाची झिजलेली धाव होती, तिचं लोखंड. बोटं घालायच्या कड्या तेवढ्या पितळेच्या, शेजारच्या तांबटाच्या कातरणातल्या. सोनगीरला पितळेला काय तोटा! साल एकोणीसशे सव्वीस. वनानं मला घासलं, हाताचा एक केस माझ्यात धरून उडवला आणि म्हणाला, "हाई कापडले भी चाली नि जिभले भी." जिभेला चालायची संधी आली होती. मला कुणी दिली नाही.

तानुबाईचे वडील लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला सोनगीरला आले होते. सोबत तानुबाई. मराठी चौथी शिकलेली, नाकीडोळी बेताची, पण बोटं अशी की एका जागी ठरायची नाहीत. घागर झाली, परात झाली. वडील म्हणाले, "आजून काय लेवानं शे तुले?" तिनं माझ्याकडे बोट केलं.

"लगीनमा कोनी कात्री लेस का, येडी?"

"मी लेस," ती म्हणाली.

अशी मी रुखवताच्या पाटीत घागरीच्या पोटात बसून नरडाण्याच्या अलीकडच्या एका गावात आले. सासू भिकुबाईनं पाटी उघडली, मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "माय वं! सूननी लगीनमा कात्री आनी! आते कापा आमना घरले!" पहिल्या दिवसापासून माझ्यावर खार, तो असा.

आता माझी मालकीण कशी होती ते सांगते, कारण पुढं सगळं तिच्यावर आलं.

तानुबाईला हाताचं काम आवडायचं. कुठलं? सगळं! एका कामाला धरून राहील तर ती तानुबाई नव्हे. आधी पतंगी कागदाची फुलं. महिनाभर घरात जिकडेतिकडे गुलाब. मग एके दिवशी गुलाब टोपलीत गेले आणि गव्हाच्या काड्या भिजत पडल्या. त्या माझ्या टोकानं चिरायच्या, गरम तांब्याच्या बुडानं दाबून सपाट करायच्या, पळसाच्या फुलांत पिवळ्या आणि डाळिंबाच्या सालीत काळपट करायच्या, आणि लाकडी डबीवर चिकटवून वेल काढायची. वेल जमली की हिचं मन उठलं! मग जुने कागद मेथीसकट भिजवून कुटले आणि पालथ्या पातेल्यावर थापून टोपली केली. पहिल्या टोपलीला बुरशी आली. भिकुबाईनं नाक मुरडलं. तानुबाई मात्र ती टोपली हातात फिरवून पोट धरून हसली. "देखा आत्याबाई, टोपलीले दाढी उनी!" दुसऱ्या टोपलीत मेथी दुप्पट.

शिरपूरच्या बाजाराला सातपुड्यातली रुपली मण्यांच्या माळा घेऊन बसायची. मला कमरेला खोचून तानुबाई तिच्यासमोर उकिडवी बसली की उठायचं नाव नाही. एकदा रुपली वैतागून म्हणाली, "बाई, तुले इकत लेवानं शे का शिकानं शे?" ही म्हणाली, "शिकानं शे." रुपलीनं दोरा तिच्या हातात दिला आणि स्वतः निवांत भाकर खायला बसली. ही मणी ओवतेय, गिऱ्हाईक हिलाच भाव विचारतंय, आणि रुपली हसून लोळतेय. तो एक बाजार मी विसरणार नाही.

खोटं कशाला बोलू, मलाही ओढ असायची. आज कापड, उद्या शिंदीची पात, परवा भोपळ्याचं साल. माझी धार बोथट व्हायची, ती मला उंबऱ्याच्या दगडावर घासायची आणि गुणगुणायची. नवं काही जमायला लागलं की तिचा खालचा ओठ दातात जायचा. भाकरी थापताना तो कधी दातात गेलेला मी पाहिला नाही.

आणि हो, काम संपलं की माझ्या तोंडात चिंधी घालून, दोरीनं बांधून मला खुंटीला लावायची. सासूची आज्ञा. "रिकामी वाजाडू नको, घरमा भांडन व्हस." तोंडात चिंधी असलेली कात्री वाजते कशी, ते मला कुणीतरी शिकवा!

नवरा हिलाल. हाच धुळ्याला कापसाची गाडी घेऊन गेला की हिच्यासाठी पतंगी कागद आणायचा, लाल, निळा, हिरवा. आईची नजर चुकवून काड्या भिजायला पाणी ठेवायचा. गावातल्या बायका म्हणायच्या, तानुनं कोणत्या देवाला काय वाहिलं म्हणून असा नवरा मिळाला. मीही तेच म्हणायचे.

चौतीस साली नणंद बेबाचं लग्न ठरलं. बेबा चौदा वर्षांची, हसरी, चंचल. तानुबाईनं वर्षभर तिच्यासाठी रुखवत केलं. जेवढे हुन्नर हातात होते तेवढे त्यात ओतले. मण्यांच्या मुंडावळ्या, काड्यांची डबी, भोपळ्याच्या सालीचा मोर, चिंध्यांची चुंबळ, कागदाच्या लगद्याची परडी, शिंदीचा पंखा. एकासारखी दुसरी वस्तू नाही. बेबा मध्येमध्ये येऊन बसायची. "वहिनी, माले शिकाड ना!" मला हातात घ्यायची, एक कागद वाकडा कापायची आणि मैत्रिणीची हाक आली की पळायची. पोरच ती.

आपल्याकडची रीत माहीत आहे ना? रुखवत मांडलं की म्हणायचं, "नवरीनं केलं." केलेलं असतं मावशीनं, काकूनं, वहिनीनं. सगळ्यांना ठाऊक असतं. विचारणारी हसून विचारते, सांगणारी हसून सांगते, आणि विषय संपतो.

वैशाखात मांडव उभा राहिला. बेबाची सासू वच्छलाबाई रुखवतासमोर उभी राहिली आणि तिचे डोळेच दिपले. ती हसून विचारत नव्हती. हे सगळं कुणाच्या हातचं, ते तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "हाई बठ्ठं कोनी करं?"

बाजूला हिलाल पाहुण्यांना पानसुपारी देत होता. छाती काढून म्हणाला, "बठ्ठं आमनी बेबानी करेल शे."

तेवढ्यावर थांबला असता तरी रीत म्हणून सोडलं असतं. पण समोर चार माणसं माना डोलवायला लागली आणि याला चढली! बेबानं पळसाची फुलं कशी वेचली, काड्या कशा चिरल्या, पहिल्या टोपलीला बुरशी आली तर कशी हसली. तानुबाईचं हसूसुद्धा उचलून बहिणीच्या तोंडावर चिकटवलं यानं! तानुबाई दाराआड होती. मुंडावळ्यांचा दोरा कापायला मी तिच्या कमरेला खोचलेली होते. तिची मूठ माझ्यावर आवळली ती मला अजून जाणवते.

वच्छलाबाई म्हणाली, "मनी पोरनं लगीन माघमा शे. तिनं रुखवत बेबाच करी."

रुखवत आवरताना तानुबाईनं नवऱ्याला विचारलं, "असं का सांगं तुम्ही?" तो हसला. "तोंडनी गोठ शे येडी. काय व्हस तिन्हाघाई?"

काय होतं? दिवाळीनंतर काय झालं ते ऐका, बेबानं माहेरी येऊन सांगितलं तसं.

वच्छलाबाईनं बेबासमोर कागद, काड्या, मणी मांडले आणि बसवलं. बेबानं पहिल्या दिवशी कागद फाडले. दुसऱ्या दिवशी बोट कापलं. तिसऱ्या दिवशी टोमणे सुरू झाले. "रुखवत कोन्हं इकत आनं व्हतं?" पोर किती दिवस सोसणार? घाबरून म्हणाली, मी केलं असं सांगायला वहिनीनंच शिकवलं होतं. झालं! गाठोडं बांधून पोरीला माहेरी आणून सोडलं.

आठ दिवसांनी बेबाचे सासरे मगन आबा आणि वच्छलाबाई आले. गावातली चार मोठी माणसं ओट्यावर बसली. मगन आबा तसा सरळ माणूस. म्हणाले, "माले भांडन नही करनं. इतलंच सांगा, खोटं कोनी सांगं? ज्यानी सांगं त्यानी माफी मांगा. पोरले आजच गाडीमा बसाडीसन लई जातस."

किती सोपं होतं! एक नाव. एक माफी. बहीण नांदायला गेली असती.

भिकुबाई बोलली, "मनी सूननीच शिकाडं व्हई. तिन्हं ध्यान कोठे संसारमा शे? काड्या नि चिंध्या!"

दारातून तानुबाई म्हणाली, "मी सांगं नही." आवाज स्पष्ट होता. कुणी मान वर केली नाही. ती परत म्हणाली, "आत्याबाई, मी नही सांगं. ज्यानी सांगं त्याले इचारा. तो आठेच बठेल शे."

सगळे हिलालकडे बघायला लागले. हिलाल वहाणेच्या अंगठ्याशी खेळत होता. मग उठला. मला वाटलं, आता बोलेल. आत आला, खुंटीवरून मला काढलं, माझ्या तोंडातली चिंधी ओढून फेकली आणि मला बाहेर आणून सगळ्यांसमोर उंच धरलं.

"हाई कात्रीपायी व्हयनं बठ्ठं," तो म्हणाला. "लगीनमा आनेल. दिनभर रिकामी वाजाडत बठस. मी किती सांगू तिले!"

आणि वाजवली मला. त्यानं. सगळ्यांसमोर. कच, कच. म्हणे अशी वाजवते.

काय सुटले हो सगळे! ओट्यावर कसं मोकळं वाटलं! नवऱ्याला दोष नाही, सासूला नाही, पोरीला नाही. एक म्हातारा म्हणाला, "कात्रीनं असंच ऱ्हास भो." मगन आबांनी सुस्कारा टाकला. खरं काय ते त्यांना कळलं होतं, डोळ्यांत दिसत होतं. पण गाडी जुंपायची होती.

तानुबाईनं बेबाकडे पाहिलं. बेबा कोपऱ्यात गाठोडं पोटाशी धरून हुंदके देत होती. तानुबाई बाहेर आली, वच्छलाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि सगळे म्हणाले म्हणून कानबाई देवीची आण घेतली, यापुढं असल्या कामाला हात लावणार नाही. माफी खोट्याची होती आणि मागितली खऱ्या बाईनं. बेबा गाडीत बसली. तानुबाईच्या काड्या, कागद, मणी, सगळं उकिरड्यावर गेलं. रुपलीनं दिलेला दोरासुद्धा.

लोक मला विचारतात, तुला गंज चढला याचं वाईट वाटतं का? मरू दे तो गंज! मी आता गोठ्यात आहे, आढ्याच्या वाशात खोचलेली. बैलाच्या शेपटीचे केस कापायला काढतात, नाहीतर सुंभ तोडायला. खिळा ढिला झालाय. पितळी कड्या हिरव्या पडल्यात. तानुबाई सकाळ-संध्याकाळ चारा घालायला येते. बारा वर्षांत तिनं एकदाही वर पाहिलं नाही. केस पांढरे व्हायला लागलेत. एकदा कडब्याचं एक पान तिच्या बोटांत आलं आणि बोटांनी आपोआप त्याची घडी घालायला सुरुवात केली. एक घडी, दुसरी घडी. मग तिच्या लक्षात आलं. तिनं पान बैलापुढं टाकलं आणि बोटं पदराला पुसली, जणू शेण लागलं होतं.

हिलालनं मध्यंतरी धुळ्याहून पतंगी कागद आणला होता. लाल. चुलीजवळ ठेवून गेला. तानुबाईनं त्या कागदानं चूल पेटवली. त्या संध्याकाळी चारा टाकता टाकता तिनं बैलालाच सांगितलं, "कागद चांगला व्हता. लगेच पेटी गया."

गावासमोर तो आजही शहाणा माणूस. मऊ बोलणारा. बायकोला कधी हात लावला नाही म्हणून वाखाणलेला. सासू भिकुबाई ओरडली, पण तिला जे वाटलं ते तिनं ओरडून सांगितलं. बेबा घाबरली, ती चौदा वर्षांची होती. ओट्यावरची माणसं भित्री निघाली, ती सगळीकडेच असतात. या कुणावर माझा राग टिकला नाही. माझा राग त्याच्यावर आहे ज्याला सगळं ठाऊक होतं. ज्यानं काड्या भिजायला पाणी ठेवलं होतं, ज्याला तिच्या खालच्या ओठाची खोड माहीत होती, आणि ज्यानं एक वाक्य बोलायचं टाळून तिचे हात बांधून टाकले.

तुमच्या घरात कात्री असेल तर तिला तेल द्या, खिळा आवळा आणि बाईच्या हातात द्या. वाजली तर वाजू द्या. आणि हिलालच्या घरातलं भांडण कात्रीनं लावलं असं पुन्हा कुणी सांगायला आलं, तर त्याला तिथंच थांबवा. मगन आबांनी विचारलं होतं, त्याचं उत्तर अजून द्यायचं राहिलंय. ते मी देते. खोटं कुणी सांगितलं?

हिलाल छगन पाटील.