अंड्याला नऊ गुण

चॉकलेटच्या कारखान्यात तिला सगळे तराजू म्हणत. अर्थात पाठीमागे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. बावीस वर्षं ती तिथल्या चव-खोलीची प्रमुख होती. ईस्टरचा माल दुकानात वसंतात लागतो, पण तो चाखून पास-नापास करायचं काम आदल्या पानगळीतच उरकावं लागतं. पोकळ चॉकलेटचे ससे, साखरेत घोळवलेली पिवळी बदकं, मलईचं सारण भरलेली अंडी, सगळं आधी हिच्या जिभेवरून जायचं. गुण एक ते नऊ, आणि तिचा आकडा दुप्पट धरला जाई. एकदा मालकाच्या लाडक्या लिंबाच्या गोळ्यांना तिने दोन दिले होते आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘फरशी पुसल्यासारखं.’ गोळ्या बंद झाल्या. मालकाने चकार शब्द काढला नाही.

घरात मात्र तिच्या जिभेला कुणी विचारत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण, चार दिवसांसाठी म्हणून आली आणि तिथेच रुजली. वन्संनी तीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली होती. आल्या त्याच आठवड्यात त्यांनी पाहुण्यांसमोर तराजूच्या सूपचा एक चमचा घेतला आणि म्हणाल्या, "बरं झालंय. मीठ तेवढं अगदी शेवटी आठवलेलं दिसतंय." पाहुणे हसले. मीठ खरोखरच शेवटी पडलं होतं आणि तेच तिला जास्त झोंबलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं नवऱ्यामार्फत चाले.

"तुझ्या बहिणीला सांग, न्हाणीघरातला दिवा बंद करत जा."

"तुझ्या बायकोला सांग, तो तिनेच लावलाय."

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. गरीब स्वभावाचा माणूस. तो दोन्ही निरोप ऐकायचा आणि एकही पोचवायचा नाही, कारण दोघी एकाच टेबलाशी बसलेल्या असायच्या.

त्या वर्षी चव-खोलीत एक जागा रिकामी झाली. चाळीस जणांनी परीक्षा दिली. समोर पाण्याचे पेले; कशात कडवट थेंब, कशात आंबट, कशात नुसतं पाणी. नियमाप्रमाणे नावं पाकिटात बंद, तराजूपुढे आलेल्या कागदांवर फक्त क्रमांक. सतरा नंबरचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. तराजू खूश झाली. "दहा वर्षांत अशी जीभ पाहिली नाही," असं मॅनेजरला सांगून तिने सही ठोकली. मग पाकीट उघडलं, तर आतून वन्संचं नाव निघालं.

सही आता मागे घेता येत नव्हती. सोमवारी वन्सं पांढरा डगला आणि जाळीची टोपी घालून दारात उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नमस्कार, मॅडम."

घरी हिने त्यांना वन्सं म्हणायचं, कारखान्यात त्यांनी हिला मॅडम म्हणायचं. दोघींच्या तोंडी ते शब्द धोंडा भिरकावल्यासारखे येत. तराजूने त्यांना कोपऱ्यातली, गरम पाइपाला लागून असलेली जागा दिली. पहिल्या आठवड्यात जेली-गोळ्यांचे चौऱ्याऐंशी नमुने त्यांच्याच माथी मारले. वन्संनी ते सगळे चाखले आणि एकदाही कुरकुर केली नाही. शिवाय त्यांचा कारणाचा रकाना असा असे की जेवणाच्या सुट्टीत बाकीचे चौघे तो मोठ्याने वाचून खिदळत. एका बदकाला त्यांनी लिहिलं होतं, ‘उशी चघळली तर निदान झोप तरी येईल.’ इतकी वर्षं ते हसू तराजूच्या वाट्याचं होतं.

मग सारणाच्या अंड्यांचा दिवस आला. खोलीत नेहमीप्रमाणे लाल दिवा लावला होता, म्हणजे रंग पाहून कुणी भुलायला नको. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना प्लायवूडचे आडोसे, समोर कोमट पाणी, फिकी बिस्किटं आणि एक छोटी खिडकी. खिडकीतून बशी आली. नमुना चारशे अठरा.

तराजूने अंडं फोडून तुकडा जिभेवर ठेवला. आधी चॉकलेट, मग मलई. आणि सगळं विरघळून गेल्यावर पार जिभेच्या मुळाशी काहीतरी पुसटसं उरलं. साबण. सारणातल्या तेलाला ओल लागली की असं होतं. आज ते शंभरात एखाद्यालाच कळलं असतं, पण चार महिने खोक्यात राहून ईस्टरपर्यंत शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तिने तीन लिहायला पेन्सिल टेकवली.

तेवढ्यात आडोशापलीकडून पुटपुटल्याचा आवाज आला. "साबण."

चव-खोलीत तोंडातून अवाक्षर काढणं हा सगळ्यात मोठा गुन्हा होता.

"कोण बोललं?"

"मी, मॅडम. तोंडातून निघून गेलं."

"तुमच्या तोंडातून काय काय निघतं ते मी घरी ऐकते. इथे ऐकणार नाही."

बाकीच्या आडोशांमागे कुणीतरी खोकलं. वन्सं मात्र गप्प बसल्या नाहीत. "पण साबण आहे."

"असेल. तुम्ही हात नीट धुतले नसतील."

आणि तराजूने नऊ लिहिले. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘निर्दोष.’ वन्संचे गुण होते दोन. बाकीच्यांचे सहा-सात. तराजूचे नऊ दोनदा धरले गेले आणि अंडं पास झालं.

पहिले तीन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. मॅनेजरकडे जाऊन चूक झाली म्हणायला जिना चढायचा तेवढाच उशीर होता. पण रोज सकाळी ते "नमस्कार, मॅडम" कानावर पडे आणि ती जिन्याखालूनच परत फिरे. चौथ्या दिवशी साच्यांत चॉकलेट ओतायला सुरुवात झाली.

वसंत आला आणि गाड्या भरभरून माल परत आला. मुलांनी पहिल्याच घासाला अंडी थुंकली, अशी पत्रं आली. एका आईने तर साबणाचं वेष्टन पाठवून विचारलं होतं, ‘हे थोडं स्वस्त पडतं, पुढच्या वर्षी हेच घेऊ का?’

मॅनेजरने दोघींनाही बोलावलं. टेबलावर चारशे अठराचे कागद पसरलेले होते. तो तसा वाईट माणूस नव्हता. खुर्ची तिच्याकडे वळवून तो म्हणाला, "बाई, बावीस वर्षं झाली. माणसाचे डोळे जातात, कान जातात, तशी जीभही जाते. त्यात लाज कसली? डॉक्टरची चिठ्ठी आणा. निवृत्तीपर्यंत पॅकिंगच्या ऑफिसात बसवतो तुम्हाला. चव-खोली या सांभाळतील."

नुसती मान हलवायचा अवकाश होता. तराजूने वन्संकडे पाहिलं. वन्सं मांडीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत होत्या.

"माझी जीभ गेलेली नाही," तराजू म्हणाली.

"मग यांना कळलं ते तुम्हाला कसं कळलं नाही?"

"यांच्या आधी कळलं. तीन लिहायला पेन्सिल टेकवली होती. या बोलल्या, म्हणून नऊ लिहिले."

मॅनेजरने कागदावरचं ‘निर्दोष’ पुन्हा वाचलं. "म्हणजे... जाणूनबुजून?"

"हो."

त्याने कागद गोळा केले. मघाचा मऊपणा आवाजात राहिला नव्हता. "मग डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज नाही. आजच कपाट रिकामं करा."

कपडे बदलायच्या खोलीत ती डगल्याची घडी घालत होती, तेव्हा वन्सं येऊन दाराला टेकल्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या ना भावाला मध्ये घेता, ना ‘मॅडम’ म्हणता बोलल्या.

"हो म्हणाली असतीस तर नोकरी टिकली असती."

"तुमच्यासमोर? जीभ गेली म्हणून? त्यापेक्षा भीक मागेन."

"मीही तेच केलं असतं," वन्सं म्हणाल्या, आणि लगेच आवाज चढवला. "पण म्हणून तुला माफ केलंय असं समजू नकोस. सगळ्यांसमोर माझे हात काढलेस. तीस वर्षं आजाऱ्यांचं जेवण केलंय मी या हातांनी."

"माफी मागितलीय कुणी?"

"नाही मागितलीस. मागितलीस तरी मिळायची नाही."

वन्सं निघून गेल्या. त्या दिवशी दोघी वेगवेगळ्या बसने घरी आल्या.

दीड महिना तराजू घरी बसून होती. वन्सं आता प्रमुख झाल्या होत्या. संध्याकाळी येत आणि चपला जरा जास्तच आवाज करून काढत. मग गावाच्या दुसऱ्या टोकाच्या बिस्किटांच्या कारखान्यात जागा निघाली. तिथल्या मालकीणबाईंनी पाण्याचे पेले चाखायला लावले, उत्तरं तपासली आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं.

"तुमच्या जुन्या चव-खोलीत फोन केला होता," त्या म्हणाल्या. "तिथल्या प्रमुख बाई म्हणाल्या, जीभ एक नंबर, माणूस वाईट. पुढे काही न बोलता फोन ठेवला."

तराजूने उठायला पिशवी हातात घेतली.

"मला बिस्किटं चाखून घ्यायचीत, सोयरीक जुळवायची नाही. सोमवारपासून या. पण इथे कुणाचा आकडा दुप्पट धरत नाहीत."

रात्रीच्या जेवणाला तिघं टेबलाशी बसले. तराजूने भांडं पुढे ओढलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुझ्या बहिणीला सांग, जन्मात एक वाक्य तरी खरं बोलल्या."

"कुठलं ते विचार तिला," वन्सं म्हणाल्या.

नवऱ्याने विचारलं नाही. तो ताटात बघून जेवत राहिला.